स्लो कुकरमधलं फ्रूट बटर: सफरचंद, पेरू आणि अर्धवट उघडं झाकण

रामबाग_रसोई

इंदूरच्या चोइथराम मंडीत हिमाचलचं सफरचंद उतरलंय, मागोमाग काश्मीरचं येईल आणि थंडीत रतलामकडचे पेरू. फ्रूट बटरबद्दल तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतात, म्हणून सगळं इथे एका जागी मांडते. ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: यात लोणी नसतं. फळाचा गर थोड्या साखरेत मंद आचेवर आटवून पोळीवर किंवा पावावर सहज पसरेल इतका दाट करायचा. जॅमपेक्षा साखर बरीच कमी, आणि तार बघायची भानगड नाही.

प्रमाण साडेचार-पाच लिटरच्या स्लो कुकरचं आहे, म्हणजे चिनी मातीचं भांडं असलेला मंद आचेचा विजेचा कुकर; त्याच्या आचेच्या दोन पायऱ्या, लो आणि हाय. साडेतीन लिटरचा असेल तर सगळं दोन तृतीयांश करा.

सफरचंद अडीच किलो, पाणी २०० मिली, लिंबाचा रस ६० मिली, साखर २५० ते ३०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. मसाल्यात दालचिनीची पूड एक छोटा चमचा, किसलेलं जायफळ पाव चमचा, चार लवंगा पुरचुंडीत.

निव्वळ लाल डिलीशियस घेऊ नका. दिसायला छान, पण शिजल्यावर मिळमिळीत लागतं. निम्मं गोल्डन घ्या, त्याचा गर पटकन मऊ होतो. उरलेल्यात रॉयल. हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर अर्धा किलो त्यातच धरा.

साल काढायची गरज नाही, फक्त चकचकीत मेण लावलेलं फळ असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा किंवा सोला. बियांचा गाभा मात्र काढायचाच. फोडी करून लिंबाच्या रसात घोळवा, पाणी घाला आणि झाकण घट्ट लावून हायवर चार तास. सगळ्या फोडी एकदम मावल्या नाहीत तर तासाभराने खालच्या बसतात, तेव्हा उरलेल्या घाला.

फोडी पळीने दाबल्या की विरघळतात असं झालं की पुरणयंत्रातून काढा, बारीक जाळी लावून. साली वर राहतात, खाली सव्वादोन किलोच्या जवळपास गर मिळतो. तो परत कुकरमध्ये, पुन्हा हायवर, पण आता झाकण अर्धवट उघडं. इथून पुढे पाच ते सात तास. दर तासाला ढवळायचं, शेवटच्या दोन तासांत दर वीस मिनिटांनी, आणि ढवळताना कडेला चिकटलेलं खरवडून आत घ्यायचं. गर एक तृतीयांश आटला की साखर आणि मीठ, शेवटच्या तासात मसाला. हाती ११०० ग्रॅमच्या आसपास बटर येतं.

पोहेवाला_भिया

माहिती झकास, पण एक शंका. हेच जाड बुडाच्या कढईत गॅसवर दीड तासात होतं. मग अकरा तास लाईट कशाला जाळायची?

ओटा_आणि_बरणी

@पोहेवाला_भिया, होतं की. पण त्या दीड तासातला शेवटचा पाऊण तास कढईसमोरून हलता येत नाही. गर दाट झाला की वाफ वर यायला वाट सापडत नाही, ती बुडाशी कोंडते आणि बुडबुडा फुटला की रटकन उडते. हातावर पडलं तर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं, कारण चिकटून बसतं. शिवाय गॅसची आच फक्त बुडाला, त्यामुळे दाट गर आधी तळाशीच लागतो. स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या भिंतीभोवती असते, उष्णता चहूबाजूंनी आणि हळू येते. म्हणून तिथे बूड लागत नाही, लागली तर कड लागते, आणि कड डोळ्यांना दिसते.

लाईटचं म्हणाल तर या आकाराचे कुकर साधारण २०० ते ३०० वॉटचे. २५० वॉट धरून अकरा तासांचे पावणेतीन युनिट.

गॅसवरच करायचं असेल तर कढईखाली जुना लोखंडी तवा ठेवा आणि वर दुधावर झाकतो ती जाळी.

छप्पन_गल्ली

झाकण न उघडता लोवर रात्रभर ठेवलं तर चालत नाही का? दहा तासांनंतरही गर पातळच राहतो. कुकर कमी तापतोय की काय?

प्रयोगवही

कुकर बिघडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतोय. स्लो कुकरची रचनाच अशी आहे की पाणी बाहेर जाऊ नये. वाफ झाकणाला लागते, थेंब होतात, काठाशी जमून परत आत पडतात. रस्सा-भाजीला हे वरदान, बटरला अडचण. झाकण लावून दहाच्या जागी वीस तास ठेवलं तरी रंग गडद होईल, दाटपणा तेवढाच राहील.

आकडेमोड करून बघा. सव्वादोन किलो गर, वर पाव किलो साखर, आणि शेवटी हवंय अकराशे ग्रॅम. म्हणजे सुमारे १४०० मिली पाणी हवेत गेलं पाहिजे. एवढं पाणी जायला वाट हवी. भांड्याच्या काठावर दोन लाकडी उलथणी किंवा बांबूच्या जाड काड्या आडव्या ठेवून त्यांवर झाकण ठेवा. दोन बोटांची फट राहते, वाफ जाते, उडालेले शिंतोडे आत पडतात. झाकण पूर्ण काढून टाकलं तर वरचा थर गार पडतो, त्यावर साय धरते आणि वेळ वाचत नाही. फट ठेवून वर पातळ सुती फडकं झाकणाच्या आतून बांधलं तर थेंबही फडक्यात जिरतात. फडक्याची टोकं वर मुठीला गाठ मारून ठेवा, कुकरच्या तापलेल्या अंगाला लोंबू देऊ नका.

लो आणि हायबद्दल: बहुतेक साध्या मॉडेलांत दोन्ही शेवटी जवळपास सारख्याच तापमानाला, उकळीच्या थोडं खाली पोचतात. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा. पण झाकण उघडं ठेवलं की सतत उष्णता बाहेर जाते, आणि ती भरून काढण्याची ताकद लोमध्ये नाही. म्हणून आटवताना हायच.

किती आटलं हे नजरेने कळत नाही. गर परत घातल्या घातल्या एक स्वच्छ काडी उभी बुडवून ओल्या रेषेवर सुरीने खूण करा. तिचे तीन सारखे भाग करून वरच्या भागाखाली दुसरी खूण. गर त्या खुणेला आला की साखर घालायची वेळ. कुकरच्या भिंती सरळ असतात म्हणून ही पट्टी बऱ्यापैकी बरोबर निघते.

उभट गोल कुकरपेक्षा पसरट लंबगोल कुकरमध्ये तास-दीड तास लवकर होतं. पृष्ठभाग जास्त, दुसरं काही नाही.

रामबाग_रसोई

+१. आणि रात्रभर ठेवायचंच असेल तर पहिला टप्पा, म्हणजे झाकण लावून फोडी शिजवण्याचा, रात्री लोवर ठेवा. आठ तासांत फोडी तयार. आटवण्याचा टप्पा दिवसा, समोर. शेवटच्या दोन तासांत कोणी ढवळायला नसेल तर कडेला काळं कडं धरतं आणि तो जळका वास सगळ्या बटरला लागतो. असं कडं धरलंच तर खरवडू नका. मधला भाग पळीने दुसऱ्या भांड्यात काढा, कडं मागे राहू द्या.

जुना_किराणा

साखर उशिरा का? सुरुवातीलाच घातली तर फळ सुटून येतं असं ऐकलंय.

ओटा_आणि_बरणी

मुरांब्यात फोड अख्खी ठेवायची असते म्हणून साखर आधी. इथे फोड मोडायचीच आहे. साखर लवकर पडली तर तीन गोष्टी होतात. साखर पाणी धरून ठेवते, आटायला वेळ लागतो. कड लवकर करपते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवातीला बेताची वाटलेली गोडी गर निम्मा झाला की दुप्पट लागते. एक तृतीयांश आटल्यावर २०० ग्रॅम घाला, अर्ध्या तासाने चमचाभर बशीत गार करून चाखा, मग उरलेली. गरम असताना गोडी नीट कळत नाही.

गूळ घालता येतो. मालवी गुळाने रंग आणि खमंगपणा सुरेख येतो, पण सफरचंदाचा वास दबतो. अर्धा गूळ, अर्धी साखर हे माझ्या मते शेवटचं टोक. किसून थेट घालू नका, थोड्या गरात विरघळवून गाळून घ्या, काडी-कचरा निघतोच.

सियागंजची_पुडी

मसाल्यावर थोडं बोलते, कारण बहुतेक बटर इथेच फसतं.

किराण्यात दालचिनी म्हणून मिळते ती जाड, कडक, एकाच थराची वळलेली साल बहुधा कॅसिया. तिखट आणि जोरकस. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, जी बोटांनी चुरते, ती श्रीलंकेची. कॅसियाची पूड घेतली तर वर सांगितलेल्या एक चमच्याऐवजी पाऊण. शिवाय कॅसियाची पूड सुरुवातीपासून पाच-सात तास गरात राहिली तर किंचित बुळबुळीतपणा येतो आणि तुरटही लागतं. म्हणून पूड शेवटच्या तासात, किंवा बोटभर अख्खा तुकडा आधीपासून घालून शेवटी काढून टाका.

लवंग फार जपून. पूड अजिबात नको. चार अख्ख्या लवंगा मलमलच्या पुरचुंडीत, शेवटचा एकच तास. त्याहून जास्त वेळ राहिल्या की जीभ बधिर करणारा कडवटपणा येतो आणि तो साखरेने झाकला जात नाही.

आपल्याकडच्या चवीला जायफळ आणि वेलची जास्त रुचते. वेलची मात्र कुकर बंद केल्यावर. सुंठ पाव चमचा, पेरूसाठी खास.

बिही_सफेदा

पेरूचं वेगळं लिहिते, कारण सफरचंदाची रीत जशीच्या तशी लावली तर दाताखाली कचकच येते.

आधी फळ निवडणं. हातठेल्यांवर ते अर्धा-अर्धा किलोचे प्रचंड, कडक, गुळगुळीत जाम (इकडे पेरूला जाम म्हणतात) दिसतात ना, ते व्हीएनआर बिही. मीठ-मसाला लावून खायला उत्तम, बियाही कमी, पण वास जवळजवळ नाही. शिजवल्यावर तर काहीच उरत नाही. बटरला इलाहाबादी सफेदा किंवा एल-४९, म्हणजे सरदार. पिवळट, अंगठ्याने दाबलं की दबणारे, ज्यांचा वास पिशवीतून येतो असे. त्यांत पाव भाग अर्धवट पिकलेले ठेवा. पेक्टिन (फळातला गर घट्ट आणणारा अंश) आणि आंबटपणा त्यांच्यातून मिळतो.

दोन किलो पेरू, देठाकडचं आणि शेंड्याकडचं टोक काढून चार चार फोडी. पाणी २५० मिली. झाकण लावून हायवर तीन तास. शिजलेला गर मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका. बी फुटली की तिची पूड गरात मिसळते, मग कितीही गाळा, रवाळपणा जात नाही. पुरणयंत्राची बारीक जाळी चालते, पण लहान बिया त्यातूनही सुटतात. म्हणून पुरणयंत्रानंतर एकदा सूप गाळायच्या स्टीलच्या गाळणीतून पळीच्या पाठीने दाबून काढा. गाळणीत बिया कोरड्या खडखडीत दिसायला लागेपर्यंत दाबायचं. बियांभोवतीच सगळ्यात सुवासिक गर असतो, तो फेकला जाऊ नये. घट्ट झाला तर बियांवर अर्धी वाटी गरम पाणी ओतून परत दाबा. गर दीड किलो भरतो.

तरीही किंचित वाळू लागल्यासारखं लागेल. ते बियांचं नाही, पेरूच्या गरातच कडक भिंतीच्या पेशी असतात. नाशपातीतही असतात. त्या शिजून मऊ होत नाहीत, गाळणीने कमी होतात इतकंच.

लिंबाचा रस ५० मिली, साखर ३०० ते ३२५ ग्रॅम, सुंठ पाव चमचा. आटवायला सफरचंदापेक्षा कमी वेळ, साडेतीन ते साडेचार तास. आणि सैल असतानाच थांबायचं. पेरूत पेक्टिन भरपूर, गार झाल्यावर बरंच आवळून येतं. गरम असतानाच हवा तितका दाट केलात तर सकाळी बरणीत वडी सापडेल. तीही वाईट नाही, गोव्यात पेराड त्याच वाटेने करतात, पण ती पसरता येत नाही.

लोखंडी कढई, लोखंडी सुरी, कल्हई उडालेलं पितळ, यांपासून पेरू लांब ठेवा. लोखंडाने गर काळपट होतो.

छप्पन_गल्ली

झालं हे ओळखायचं कसं? फोटोंवरून काही समजत नाही.

रामबाग_रसोई

दोन परीक्षा. चमचाभर बटर घेऊन चमचा वाफेपासून दूर दोन मिनिटं धरा. ढीग ढीगच राहिला, पसरला नाही, तर झालं. दुसरी बशीची: स्टीलची बशी फ्रीजमध्ये गार करून त्यावर चमचाभर टाका आणि मिनिटभर थांबा. गोळ्याभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून अर्धा तास. कडं नाही, तर बंद करा. पेरूला बशीवर अगदी बारीक कडं दिसत असतानाच थांबलं तरी चालतं.

गुठळ्या असतील तर हँड ब्लेंडर, कुकर बंद करून, पातं पूर्ण बुडवून. गरम गर मिक्सरच्या जारमध्ये झाकण लावून फिरवणं धोक्याचं आहे, आतली वाफ झाकण उडवते.

लिंबूसत्त्व

आता टिकवण्याचं. हे वाचल्याशिवाय बरण्या भरून कपाटात ठेवू नका.

जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ ६५ टक्क्यांच्या आसपास असतात. अमेरिकेच्या नियमात फ्रूट बटरसाठी किमान ४३ टक्के सांगितलेत. म्हणजे बुरशी आणि यीस्टला हवं ते पाणी बटरमध्ये भरपूर शिल्लक असतं. साखरेच्या भरवशावर हे टिकत नाही. टिकवतो तो आंबटपणा आणि बरणीसकट दिलेली उकळी.

बोटुलिझम म्हणजे बंद बरणीत वाढणाऱ्या जंतूच्या विषाने होणारा जीवघेणा आजार. तो जंतू ज्या आकड्याच्या वर वाढू शकतो ती सीमा म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६. त्याच्या खाली आंबट, वर कमी आंबट. सफरचंद बहुतेक वेळा ३.३ ते ४ मध्ये, म्हणजे सुरक्षित बाजूला. पेरू पिकत जाईल तसा सीमेकडे सरकतो, म्हणून त्यात लिंबू चवीपुरतं नसतं, ते काढून टाकायचं नाही. लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. बाहेर ठेवायच्या बरण्यांसाठी लिंबूसत्त्व जास्त भरवशाचं. पंधरा मिली लिंबाच्या रसाऐवजी पाव छोटा चमचा. पीएचच्या कागदी पट्ट्यांवर ४.३ आणि ४.६ मधला फरक वाचता येत नाही, गडद बटरचा रंगच पट्टीला चढतो.

बरणीची रीत अशी. काचेच्या पाव-अर्धा लिटरच्या बरण्या आणि रबरी थर असलेली नवी झाकणं. बरण्या पाण्यात उकळून गरमच ठेवायच्या. बटर कुकरमधून कढत असताना भरायचं, वर सहा मिलिमीटर जागा सोडायची, सुरीने हवेचे बुडबुडे मोकळे करायचे, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा. काठावर बटरचा ठिपका राहिला तर झाकण धरत नाही. मग खोल पातेल्यात, तळाशी जाळी किंवा दुमडलेलं फडकं, झाकणावर दोन बोटं पाणी येईल इतकं भरून, खळखळ उकळीत ठेवायचं.

किती वेळ, इथे आपल्या गावाचा संबंध येतो. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ॲपल बटरला पाच मिनिटं दिलीत, पण ती समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंत. त्यापुढे ६००० फुटांपर्यंत दहा मिनिटं. इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणजे १८०० फूट. आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेव्हा इंदुरात दहा मिनिटं, आणि घड्याळ बरण्या टाकल्यावर नाही, पाणी परत खळखळायला लागल्यावर सुरू. मुंबईच्या किंवा बडोद्याच्या नातेवाइकांनी पाच मिनिटं सांगितली तर ती त्यांच्या गावाला बरोबर आहेत.

ही उकळी स्लो कुकरमध्ये पाणी भरून देता येत नाही, तो खळखळ उकळतच नाही. आणि भरून उलटी ठेवलेली बरणी म्हणजे बंद झालेली बरणी नव्हे.

हा तक्ता सफरचंदाचा आहे. पेरूचं मी तरी फ्रीजमध्येच ठेवायला सांगेन. फ्रीजमध्ये तीन आठवडे, फ्रीझरमध्ये सहा महिने आरामात. फ्रीझरच्या डब्यात वर दोन सेंटिमीटर मोकळे सोडा, गोठताना फुगतं.

जुना_किराणा

वर बुरशीचा ठिपका आला तर तेवढा भाग काढून खाल्लं तर? घरी लोणच्याचं तसंच करतात.

लिंबूसत्त्व

नाही. लोणच्यात मीठ आणि तेल असतं, तिथेही ते बरोबर नाहीच. बटर मऊ आणि पाणीदार, बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल जातात. पूर्ण बरणी टाकायची.

आणि बुरशीवरून आठवलं, मंडीत संध्याकाळी डागी फळ स्वस्तात मिळतं. आपटून तपकिरी झालेलं, खरचटलेलं सफरचंद चालतं, तेवढा भाग काढा. पण सडलेलं, निळसर-हिरव्या बुरशीचं अजिबात नको, अर्धं कापूनही नको. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते शिजवल्याने पुरेसं जात नाही. इथे तर आपण गर आटवून निम्मा करतो.

पोहेवाला_भिया

चिकू, पपई, सीताफळ, लाल भोपळा यांचं? सीताफळाच्या दिवसांत मांडूकडून टोपल्याच्या टोपल्या येतात.

बिही_सफेदा

सीताफळाचा नाद सोडा. गर तापला की कडवट होतो, मंद आचेवरही. बासुंदीत सीताफळ गार झाल्यावर घालतात ते उगीच नाही.

चिकू आणि पपई दोन्ही कमी आंबट, पीएच पाचाच्या आसपास किंवा वर. चव चांगली येते, विशेषतः पपई-लिंबू-सुंठ. पण छोटा घाणा करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा, नाहीतर फ्रीझर. लिंबू पिळून ते बाहेर टिकण्याजोगं होईल अशा हिशेबात पडू नका. लाल भोपळ्याचंही तेच. भोपळ्याचं बटर घरी बरणीबंद करायची शिफारस अमेरिकी कृषी खातंही करत नाही, उकळी कितीही दिली तरी.

नाशपाती, आलुबुखार, आडू (पीच) मस्त होतात. आलुबुखाराला पाणी घालूच नका आणि साखर दीडपट धरा. आगर-शाजापूरकडची संत्री मात्र या कामाची नाहीत, पांढरा पापुद्रा आणि बी तापली की कडसर होते.

मावशी_ओट्यावर

माझ्याकडे वेगळा स्लो कुकर नाही, इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये ते बटण आहे. चालेल का गं? आणि मध्येच लाईट गेली तर काय करायचं?

प्रयोगवही

चालेल मावशी, दोन गोष्टी सांभाळून. त्यात तापणारी पट्टी फक्त बुडाला असते, म्हणून गर तळाशी लागतो. ढवळताना लाकडी उलथणं तळावरून फिरवा. दुसरं, त्या बटणाची सर्वांत खालची पायरी बऱ्याच मॉडेलांत फार कोमट असते, वरचीच घ्या. प्रेशरचं झाकण बाजूला ठेवा, काचेचं किंवा स्टीलचं ताट काड्यांवर टेकवून ठेवा. फोडी मऊ करायला मात्र प्रेशर वापरा, पाण्यासकट आठ मिनिटं आणि वाफ आपोआप जाऊ द्या. चार तास तिथेच वाचतात. प्रेशर लावून गर आटवायचा प्रयत्न करू नका. दाट गराखाली बूड जळतं आणि वाफ सोडताना गर शिटीच्या वाटेने येतो.

राईस कुकरचं गरम ठेवायचं बटण या कामाला पुरत नाही.

लाईट अर्धा-पाऊण तास गेली तर झाकण लावून ठेवा, चिनी मातीचं भांडं उष्णता धरून ठेवतं. त्याहून जास्त जाणार असं दिसलं तर गर पातेल्यात ओतून गॅसवर घ्या. भांडं उचलून गॅसवर ठेवू नका, तडकतं. तसंच रात्री फ्रीजमध्ये ठेवलेलं भांडं सकाळी थेट तापायला लावू नका, आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी तर मुळीच ओतू नका. धुवायचं असेल तर कोमट होऊ द्या. घरी कोणी नसताना लाईट जाऊन परत आलेली असेल आणि किती वेळ गेली ते कळत नसेल, तर तो गर टाकून द्या.

मावशी_ओट्यावर

बरं. आणि पुरणयंत्राच्या वर उरलेल्या साली? वाटीभर तरी निघतात.

ओटा_आणि_बरणी

सफरचंदाच्या साली अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा. ते पाणी पुढच्या घाण्यात २०० मिली साध्या पाण्याच्या जागी घाला, पेक्टिन आणि रंग दोन्ही मिळतात. दोन दिवसांत घाणा होणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पेरूच्या बिया मात्र कुंडीत टाका.